पाण्यात उतरून बघणारे सार

"बाहेर पाऊस आहे काय?"

माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी, पहिल्याच मिनिटाला मला विचारलेला हा प्रश्न. मी तंजावरच्या कालव्यांच्या कचेरीच्या दारात उभी होते. हातात टायपिस्टच्या नेमणुकीचा कागद, पायांत नव्या चपला. समोर आमचे मोठे अधिकारी. वर इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टाय. खाली पँटऐवजी मांडीपर्यंत भिजलेली वेष्टी, म्हणजे तिकडे लुंगीसारखं गुंडाळतात ते पांढरं धोतर. वेष्टीतून पाणी निथळत होतं आणि त्यांच्या पायाशी चांगलं तळं साचलं होतं.

"नाही, सार," मी म्हटलं. तिकडे साहेबाला सारच म्हणतात.

सारांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग मला ओलांडून अंगणात गेले, तळहात उताणा धरला, मान वर करून आभाळ निरखलं आणि परत आले.

"नाहीं. बरोबर सांगितलेंस. पण तूं पाहून बोललीस, कीं अंदाजानें?"

आणि हे चक्क मराठीत! माझ्या कागदावरचं आडनाव त्यांनी तेवढ्यात वाचलं होतं. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांमध्ये आमच्यासारखी मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली; सारांचं घरही तिथलंच. पण त्या कचेरीत त्यांच्याशी मराठीत बोलणारं माझ्याआधी कुणी आलं नव्हतं.

"पाहून, सार. चालतच तर आले मी."

"मग बस. तें यंत्र तुझें."

साठ सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. पुढे लग्न होऊन मी महाराष्ट्रात आले, सासरी माझ्या त्या तमिळ हेलाच्या मराठीला सगळे पोट धरधरून हसले. हसोत. त्या मराठीत मी काय काय ऐकलंय ते त्यांना कुठे माहीत होतं!

आठवड्याभरातच मला कळलं की सार कशावरच विश्वास ठेवत नाहीत. शिपाई म्हणाला, कॉफी गरम आहे, की ते करंगळी बुडवून बघायचे. कुणी म्हणालं, स्टेशनवर गाडी उशिरा आली, की दुसऱ्या दिवशी स्वतः फलाटावर जाऊन उभे. मी टाइप केलेलं पत्र मूळ मसुद्याशी शब्दाशब्दानं ताडून बघायचे, तेही मोठ्यांदा वाचून. "अँड" सुद्धा सोडायचे नाहीत. आणि कालव्यातलं पाणी? प्रत्येक दारापाशी फूट-इंच कोरलेला दगडी खांब असे. दार म्हणजे कालव्याचं पाणी सोडायचा-अडवायचा लोखंडी पडदा. तिथला माणूस रोज खांब वाचून आकडा पाठवी. सार तो आकडा घेत, घडी घालून खिशात ठेवत आणि सायकलीवर टांग टाकून निघत. खुंटीवर टांगलेली वेष्टी याच कामासाठी होती. त्यांच्या बायकोनं तिच्यावर अर्ध्या अर्ध्या फुटावर तांबड्या दोऱ्यानं टाके घालून दिले होते. सार पाण्यात उतरायचे, बाहेर यायचे, ओल कुठल्या टाक्यापर्यंत चढली ते मोजायचे. मग खिशातला आकडा काढून त्याच्याशी जुळवायचे.

"खांब खोटं बोलतो का हो, सार?" मी एकदा न राहवून विचारलं.

"खांब नाहीं बोलत गो," ते म्हणाले. "वाचणारा बोलतो. वाचणाऱ्यास कोणी शिकविलें, तें विचारूं नको."

मी विचारलं नाही. हसले मात्र पुष्कळ. सगळी कचेरी हसायची. भात लावणीच्या दिवसांत शेतांमधून उभ्या असलेल्या बाया तर "इंजिनियर आंघोळीला आला" म्हणून एकमेकींना हाका मारायच्या!

पण हसू ओसरल्यावर जे दिसायचं ते बरं नव्हतं. सार स्वतः जाऊन बघणारच आहेत, तर आपण कशाला उन्हात खांबापर्यंत जायचं, असं सगळ्यांनी धरलं होतं. माणसं चिंचेखाली बसून कालचाच आकडा आज लिहीत. सारांना ते कळे, म्हणून ते आणखी धावत. ते धावत, म्हणून माणसं आणखी सैल पडत. एक तरुण इंजिनियर आला होता, फार हुशार. पहाटे उठून कालव्यावर जाई, सुंदर नकाशे काढी. सहा महिन्यांनी त्यानं बदली मागितली. जाताना सारांच्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "सार, मी बघून आलेलं प्रत्येक ठिकाण तुम्ही पुन्हा बघता. मग माझ्या डोळ्यांचा इथे काय उपयोग?" सारांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. तो गेला त्या दिवशी सार जेवले नाहीत.

आणि मारिमुत्तु. त्याच्याबद्दल सांगायलाच हवं. ओरत्तनाडूच्या बाजूला आमच्या कालव्याचं एक मोठं दार होतं, तिथला तो रखवालदार. उंच, काळाभोर, पन्नाशीचा. बाप-आजापासून पाण्याच्या कामावर. लोक म्हणायचे, नुसत्या आवाजावरून पाणी किती फूट आहे ते हा सांगेल. पण माणूस एकच वाक्य बोले: "सरी, सार." म्हणजे, ठीक आहे, सार. दार उघड, सरी सार. दार लाव, सरी सार. एकदा महिन्याच्या बैठकीला सगळे रखवालदार जमले होते. सारांनी त्याच्याकडे टक लावून विचारलं, "मारिमुत्तु, उद्यापासून कालवा उलटा वाहणार आहे. चालेल?"

"सरी, सार."

खोलीत हशा फुटला. मी तर पदर तोंडाला लावला. एकटे सार हसले नाहीत. उठून खिडकीपाशी गेले. हेडक्लार्क माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "अम्मा, हा माणूस पूर्वी असा नव्हता. 'नाही सार, हे चुकतंय सार' असं तोंडावर सांगायचा." मग का बदलला, म्हटल्यावर हेडक्लार्कनं तपकिरीची डबी काढली आणि विषय संपवला.

आता तो दिवस सांगते. अजूनही सांगताना माझ्या अंगावर काटा येतो!

ऐप्पसीचा महिना, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आगेमागे. तिकडचा मोठा पाऊस तेव्हाच. तीन दिवस आभाळ फाटल्यासारखं कोसळत होतं. कावेरीच्या सगळ्या फाट्यांना पूर, कालवे काठोकाठ. सकाळी अकराला मारिमुत्तुच्या बाजूचा आकडा आला. आदल्या दिवशीचाच आकडा, अगदी तोच! एवढ्या पावसात पाणी इंचभरही चढलं नाही, हे कसं शक्य होतं? तो आकडा मारिमुत्तुच्या हाताखालच्या कारकुनानं न बघता पाठवला होता, हे नंतर कळलं. सारांनी वेष्टी गुंडाळली आणि जीप काढायला लावली. अर्ध्या तासात परत आले. रस्त्यावरचा पूल पाण्याखाली गेला होता, जीप बंद पडली होती, आणि ते छातीइतक्या पाण्यातून चालत आले होते. वेष्टीवरचे तांबडे टाके संपले, त्याच्या कितीतरी वर ओल होती. जिथे बघायला हवं तिथे ते जाऊ शकत नव्हते!

"फोन लाव," ते म्हणाले.

खात्याची स्वतःची तार मोठ्या दारांपर्यंत गेलेली होती. मी हँडल फिरवलं, फिरवलं, आणि कसा कोण जाणे, फोन लागला. मारिमुत्तुचा आवाज रिसीव्हरमधून इतका मोठा येत होता की टेबलाभोवती जमलेल्या सगळ्यांना ऐकू जात होता.

"मारिमुत्तु, पाणी किती?"

उत्तर नाही. नुसती पावसाची घरघर.

"बांध ठीक आहे ना?"

"सरी, सार."

"की कुठे पाझरतोय?"

"सरी, सार."

मी सारांकडे बघत होते. हा माणूस आता ओरडेल, रिसीव्हर आपटेल असं वाटलं. त्या दारापासून खाली कालव्याच्या काठानं दोन गावं होती. मी त्यांना वरचं गाव आणि खालचं गाव एवढंच म्हणते. बांध फुटला असता तर दोन्ही गावं झोपड्यांसकट वाहून गेली असती. आणि बांध फुटणार की नाही हे जगात एकाच माणसाला दिसत होतं, आणि तो माणूस "सरी" सोडून काही बोलत नव्हता!

सार खुर्चीत बसले. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. आवाज एकदम खाली आला. तमिळमध्येच बोलले, पण मला तो शब्द न् शब्द पाठ आहे.

"मारिमुत्तु, ऐक. नऊ वर्षांपूर्वी तू दोनदा माझ्याकडे आला होतास. बांधात खेकड्यांची बिळं पडलीत, सार, लवकर बघा, म्हणालास. मी गेलो नाही. वरचे साहेब येणार होते, म्हणून मी बंगल्याला चुना लावून घेत होतो, कुंड्या मांडत होतो. आणि बांध पाहिला, ठीक आहे, असं लिहून सही केली. चार दिवसांनी बांध फुटला. वरच्या गावाची सगळी लावणी बुडाली."

हेडक्लार्क पुढे सरकला. "सार, फोनवर असं... सगळे ऐकताहेत, सार."

"ऐकू देत," सार म्हणाले. "तेव्हाच्या कागदावर तुझीही सही आहे." आणि पुन्हा फोनमध्ये, "चौकशी झाली तेव्हा मी तुला सांगायला लावलं की खालच्या गावाच्या लोकांनी पाण्यासाठी बांध फोडला. तू नको म्हणालास. मी म्हणालो, नोकरी टिकवायची असेल तर बोल. तू बोललास. मला बढती मिळाली. त्या दिवसापासून तू मला एकदाही नाही म्हटलं नाहीस, आणि मी कुणाचंच काही खरं धरू शकलो नाही. चूक माझी होती, मारिमुत्तु. तुझी नव्हती. आज मी येऊ शकत नाही. तुला जे दिसतंय ते मला सांग. तू सांगशील ते मी करीन."

कचेरीत पंधरा माणसं असतील. छपरावरून पाणी पडत होतं, तेवढाच आवाज.

मग रिसीव्हरमधून आलं, "इल्लै, सार."

नाही, सार!

मी टेबलाची कड घट्ट धरली. हेडक्लार्कच्या हातातली डबी खाली पडली.

"इल्लै, सार, बांध ठीक नाही," मारिमुत्तु आता ओरडत होता. त्याचा आवाज असा मोकळा असतो हे मला पहिल्यांदाच कळलं. "दारापासून दोन फर्लांगांवर, बांधाच्या पायथ्याशी बाहेरच्या बाजूनं पाणी उकळ्या फुटल्यासारखं वर येतंय. आधी स्वच्छ होतं, आता गढूळ आलंय. माती आतून वाहतेय, सार. बांध तासभरही टिकायचा नाही. वरून येणारं पाणी बंद करा आणि मला सांडव्याचं दार उघडायची परवानगी द्या. सांडव्याखालची शेतं बुडतील. पण माणसं वाचतील, सार!"

सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायची वाट, उघडायला वरिष्ठांची सक्त मनाई होती. तसा लेखी हुकूम सारांच्या टेबलावर काचेखाली होता. आणि सारांनी आजवर न बघता एक फळीसुद्धा हलवली नव्हती.

"तू बघतोयस ना?" सारांनी विचारलं.

"समोर उभा आहे, सार."

"मग उघड."

वरच्या दाराला फोन लावायला मला तीन वेळा हँडल फिरवावं लागलं. पुढची चाळीस मिनिटं आम्ही कशी काढली विचारू नका. कुणी बसेना. सार मात्र बसून राहिले, डोळे मिटून. अखेर फोन वाजला.

"हातभर पाणी उतरलं, सार! उकळी मंदावली. दोन्ही गावांची माणसं मातीच्या पाट्या टाकताहेत."

काय गलका झाला म्हणून सांगू! शिपायानं मला, मी हेडक्लार्कला, सगळ्यांनी सगळ्यांना तीच बातमी पुन्हा पुन्हा सांगितली, जणू आम्ही एकत्र ऐकलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी पूल मोकळा झाला, जीप दाराशी येऊन उभी राहिली. सार उठले नाहीत.

"बघायला नाही जायचं?" मी विचारलं.

"मारिमुत्तुनें पाहिलें आहे," ते म्हणाले, आणि शिपायानं आणलेली कॉफी करंगळी न बुडवता प्यायले. जीभ भाजली. तरी हसत होते.

त्या आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून एक निवेदन सांगितलं. नऊ वर्षांपूर्वीचं सगळं, स्वतःच्या नावानिशी. मी टाइप करताना रडत होते आणि चुका करत होते. त्यांनी या वेळी ताडून बघितलं नाही, सही करून टाकली. वरचे साहेब स्वतः तंजावरला आले. बंद खोलीत बोलले, पण त्यांचा आवाज भिंतीतून येत होता: "गावं वाचलीत, तुमचं नाव झालंय, जुनं कशाला उकरता? ते प्रकरण कधीच मिटलंय!" सारांचं उत्तर मला ऐकू आलं नाही. हुद्द्यानं खाली उतरवून त्यांना दूरच्या जिल्ह्यात एका लहान जागेवर पाठवायचं ठरलं. मारिमुत्तु मात्र नंतर आलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला "इल्लै, सार" म्हणत राहिला. एकदा तर एका साहेबांनी हवा छान आहे म्हटलं, तेव्हाही म्हणाला!

निघायच्या आदल्या दिवशी सार माझ्याकडे आले. "तूं माझ्यासंगें चल. खालच्या गावास मज जायचें आहे. मी तिथें काय बोललों तें कोणीतरी ऐकलेलें असावें."

आम्ही बसनं गेलो. खालच्या गावाच्या देवळापुढे माणसं जमली होती. सारांनी चपला काढल्या आणि उभ्यानं सगळं सांगितलं. बांध तुम्ही फोडला नव्हता. मी खोटं सांगायला लावलं. एक म्हातारा थुंकला आणि निघून गेला. दोघं-तिघं तरुण अंगावर येऊ लागले, त्यांना इतरांनी आवरलं. मग बायकांमधून एक म्हातारी पुढे आली. विटकं लाल लुगडं, हातात गवताचा भारा. तिनं भारा खाली ठेवला.

"माझी मुलगी वरच्या गावाला दिली आहे," ती म्हणाली. "चोरांच्या गावची सोयरीक नको, म्हणून तिच्या सासरच्यांनी येणं-जाणं तोडलं. बांध फुटला तेव्हा तिला सातवा महिना होता. बाळंतपणाला मी आणणार होते. नऊ वर्षं झाली. अर्ध्या तासाची वाट आहे. मी अजून तिचं मूल बघितलेलं नाही. हे तुझ्या कागदात लिहिलं होतंस का?"

सारांनी हात जोडले.

"मला नको सांगू. मला ठाऊकच होतं आम्ही नाही फोडला," म्हातारी म्हणाली. "चल. तिच्या दारात येऊन सांग."

आणि ती चालायला लागली! आम्ही मागे. काठाकाठानं, नारळीच्या बागांमधून, पुराचा गाळ तुडवत. म्हातारीचा वेग असा की मला पळावं लागत होतं. वरच्या गावात शिरताना मात्र ती थबकली, केसांवरून हात फिरवला, लुगडं नीट केलं. घर तिला न विचारता माहीत होतं.

ओसरीवर एक मुलगी तांदूळ निवडत बसली होती. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. परकी माणसं बघून ती उठली, सूप बाजूला ठेवलं आणि अगदी अदबीनं म्हातारीला विचारलं, "यार वेणुम?"

कोण पाहिजे?

म्हातारीनं नुसता हात पुढे केला आणि तो हवेतच राहिला.

सार ओसरीच्या पायरीखाली चिखलात गुडघे टेकून बसले, मुलीच्या डोळ्यांना डोळे येतील असे.

"ही तुझी आजी," ते म्हणाले. "ही कधीच आली असती. मी हिला अडवून ठेवलं होतं."

मुलीनं त्यांच्याकडे बघितलं, मग म्हातारीकडे. मग वळून घरात धावत सुटली, "अम्मा, अम्मा" करत, आणि आतून भांडं पडल्याचा मोठा आवाज आला.